दोराला माणसं

सिमोन झिकेलीने डब्यातली डुकराची चरबी दोन बोटांवर घेतली आणि स्टुलावर चढून सज्ज्याच्या छताखालच्या कप्पीच्या चाकाला चोळायला सुरुवात केली. व्हिओरिका खाली स्टूल धरून उभी होती आणि तोंडाने त्याचा उद्धार करत होती. या वयात स्टुलावर चढणारा एक तर माकड असतो नाही तर मूर्ख, असं तिचं म्हणणं होतं, आणि काका माकड नाहीत हे ती शपथेवर सांगायला तयार होती. सिमोनने चाक हाताने फिरवून पाहिलं. ते अजून कुरकुरत होतं. त्याने आणखी चरबी घेतली.

“लाकडं वर चढवायला एवढी चरबी कशाला?” व्हिओरिकाने विचारलं. “मार्च लागला. शेगड्या आता बंदच व्हायच्या.”

“चाक सुकलंय,” सिमोन म्हणाला.

तिने मागच्या बंद दाराकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. व्हिओरिका या वृद्धाश्रमात गेली कित्येक वर्षं म्हाताऱ्यांना न्हाऊ-खाऊ घालत होती. कोणत्या दारासमोर गप्प बसायचं हे तिला कळत होतं. दाराआड रोझिना होती, सिमोनची बायको. नाताळपासून तिने अंथरूण धरलं होतं. डॉक्टर गेल्या आठवड्यात येऊन गेला तेव्हा त्याने औषध बदललं नाही, फक्त निघताना सिमोनचा हात जरा जास्त वेळ हातात ठेवला.

चर्चला वळसा घालून गेलेल्या तटाच्या आतल्या अंगाला खोल्यांची दुमजली रांग होती आणि वरच्या मजल्यासमोरून फिरणारा लाकडी सज्जा. गावावर तातार चालून यायचे तेव्हा इथल्या जर्मन वंशाच्या, म्हणजे सॅक्सन, प्रत्येक कुटुंबाची इथे एकेक खोली ठरलेली असे. धान्याची पोती या चाकावरून वर चढत आणि माणसं जिन्याने. जिना मुद्दाम अरुंद ठेवलेला, तटाच्या पोटातून वळत जाणारा. वर भाला घेऊन एकटा माणूस उभा राहिला की खालच्या शंभरांना भारी. पुढे तातार यायचे थांबले आणि खोल्यांत उंदीर राहायला आले. मग गावातल्या एका निपुत्रिक चामडेवाल्याने, म्हणजे कातडी कमावून गबर झालेल्या माणसाने, मरताना आपलं सगळं म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलं. दोन-दोन खोल्यांची एकेक खोली झाली, शेगड्या बसल्या, तट फोडून बाहेरच्या बाजूला खिडक्या काढल्या. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात एक माणूस पाय पसरून झोपेल. जिन्याला मात्र कुणी हात लावला नाही. पैसे संपले असतील, किंवा मरणाऱ्याला दुसऱ्यांच्या गुडघ्यांची फिकीर नसेल. ज्या जिन्याने तातारांना अडवलं तो तेव्हापासून म्हाताऱ्यांना अडवत आला आहे. वर राहायला आलेला माणूस सहसा खाली जात नाही, आणि जातो तेव्हा चाकावरून जातो.

कारण शवपेटी जिन्याच्या वळणात आडवी बसत नाही. सज्ज्याच्या कठड्याचा एक तुकडा बिजागरीवर आहे. तो उघडायचा, पेटीला दोर बांधायचे आणि वरून धीरे धीरे सोडायचे. हे काम आळीचं. सॅक्सनांत मेलेल्या माणसाचं सगळंच आळी करते. कबर आळी खणते, पेटी आळी उचलते, दोर आळी धरते. घरच्यांनी हात लावायचा नाही. ज्याच्यावर दुःख कोसळलं त्याच्या अंगावर आणखी ओझं नको, एवढाच मुळात त्यामागचा हेतू, आणि तो चांगला होता. पण चांगल्या हेतूचा एकदा नियम झाला की त्याला कान राहत नाहीत. नवऱ्याने बायकोच्या पेटीला बोट लावलं तर आळीची अब्रू गेली, असं आजही मानतात.

आता आळी तरी कुणाला म्हणायचं? देशातला हुकूमशहा पडला त्यानंतर वर्षभरात गावच्या सगळ्या आळ्या बोचकी बांधून जर्मनीला गेल्या. राहिली ती सज्ज्यावरची म्हातारी माणसं. त्यांनी सज्ज्यालाच आळी ठरवलं आणि सिमोनला आळीप्रमुख केलं, कारण त्याला अजून धड ऐकू येत होतं.

ऑक्टोबरात ओरेंड गेला तेव्हा दोराला तिघेच मिळाले. त्यातल्या मेल्ट्सरचे हात थरथरायचे. पेटी अर्ध्यावर असताना एक दोर सरसर सुटला, पेटी तिरकी झाली आणि खांबावर आदळली. आतून जो आवाज आला तो सज्ज्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. ओरेंडच्या बायकोनेही ऐकला. त्यानंतर ती बाई जेवणाच्या खोलीत कधी आली नाही. रोझिना तेव्हा हिंडती-फिरती होती. त्याच संध्याकाळी तिने सिमोनला समोर बसवलं आणि सांगितलं की मला असं उतरवू नकोस. सिमोनने शब्द दिला. सहा माणसं उभी करीन म्हणाला, चांगल्या हातांची, सगळी आपली. शब्द देताना ती कुठून आणायची याचा त्याने विचार केला नव्हता. माणूस तेवढ्यासाठी थांबला तर बायकोला कधीच कुठला शब्द देणार नाही.

मुलगा वेर्नर दर रविवारी जर्मनीहून फोन करायचा. त्याने सोपा मार्ग सांगितला होता: शहरातून अंत्यविधीची माणसं बोलवा, मी सगळं बघतो. तशी माणसं जानेवारीत एकदा येऊन गेली होती, कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईसाठी. तरणीताठी, काळ्या जाकिटातली पोरं. चाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ती पेटी घेऊन जिन्यात शिरली आणि वळणावर त्यांनी ती कपाटासारखी उभी केली. जिना रोझिनाच्या उशालगतच्या भिंतीआडूनच उतरतो. एकाने विचारलं, डोकं कुठल्या बाजूला आहे रे, आणि दुसरा म्हणाला, आता काय फरक पडतो. रोझिनाला ते शब्दन् शब्द ऐकू गेलं. तिने कूस बदलून भिंतीकडे पाठ केली आणि दुपारी सूप घेतलं नाही.

व्हिओरिकानेही आपल्या परीने सुचवून पाहिलं होतं. तिचा नवरा होता, दोन दीर होते, तिघेही बैलासारखे दणकट. शेवटी एक बाटली पुढे ठेवली की झालं. सिमोनने मान हलवली होती. माणसं चांगली आहेत, म्हणाला, पण सॅक्सन नाहीत, आळीची नाहीत.

“काका, तुमची आळी स्मशानात आहे,” व्हिओरिका म्हणाली होती. “नाही तर जर्मनीत.”

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. म्हणून ते त्याला जास्त लागलं.

चाक फिरायला लागल्यावर सिमोन स्टुलावरून उतरला, हात पुसले, आणि जेवणं आटोपल्यावर त्याने आळीची पाटी बाहेर काढली. पंजाएवढी लाकडी पाटी, पिढ्यान् पिढ्या हातांत फिरून काळी झालेली. आळीला काही कळवायचं असलं की आळीप्रमुख ती पहिल्या दारात देतो आणि निरोप तोंडाने सांगतो. त्या घरचा माणूस तोच निरोप घेऊन पुढच्या दारात जातो, आणि असं करत शेवटचं घर पाटी परत आणून देतं. पाटी उंबऱ्यावर टाकून जायचं नाही, हातात द्यायची. आणि एकही दार गाळायचं नाही.

माणूस जिवंत असताना दोराची पाटी कुणी फिरवत नाही. हे सिमोनला ठाऊक होतं. पण माणसं आधी ठरली तर ऐन वेळी तारांबळ नको, असं त्याने स्वतःला पटवलं. मेल्ट्सरची खोली अगदी शेजारी. त्याच्या हातात पाटी देताना सिमोनच्या तोंडून रोझिनाचं नाव निघेना.

“दोराला माणसं हवीत,” तो म्हणाला. “जे येतील त्यांनी खाली लिंडनच्या झाडाशी मला भेटावं. एवढंच सांग.”

मेल्ट्सरने पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि चपला शोधायला लागला.

सिमोन भिंतीला धरून जिना उतरला आणि झाडाखालच्या बाकावर जाऊन बसला. सावलीच्या कोपऱ्यांत अजून मळकं बर्फ होतं. वर सज्ज्यावर दारं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते, काठीची टकटक ऐकू येत होती. पाटी फिरत होती. त्याच्या लहानपणी अशी पाटी निघाली की अर्ध्या तासात अंगणात टोप्याच टोप्या दिसायच्या. माणसं जास्त व्हायची आणि आळीप्रमुखाला त्यातल्या काहींना परत पाठवावं लागायचं. परत पाठवलेले आठवडाभर फुगून बसायचे.

बऱ्याच वेळाने मेल्ट्सर आला. एकटाच. येऊन बाकावर बसला, दम घेतला आणि थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून धरले.

“मी आहे,” तो म्हणाला. “हातांचं तुला माहीतच आहे. पण दोर कमरेला गुंडाळला तर निभेल.”

“बाकीचे?”

मेल्ट्सर सज्ज्यावर उभा राहून बघत होता, त्याने बाकीच्यांचं एकेक करून सांगितलं. गुनेशचं आतडं उतरलं होतं, त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई होती. त्याच्या पलीकडच्याने पाटी घेतली, निरोप ऐकला, बघतो म्हणाला, पाटी पुढच्या दारात दिली आणि दाढीचा साबण वाळेल म्हणून दार लावून घेतलं. बायकांनी पाटी पुढे दिली, पण देता देता रडायला लागल्या. कुणी नाही म्हणालं नव्हतं. आळीत दोराला नाही म्हणायचं नसतं.

सिमोन बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला.

“दुसरा दोर मी धरतो,” तो शेवटी म्हणाला.

मेल्ट्सर दचकून त्याच्याकडे वळला. “तू? अरे, नवरा तू. वर आळीप्रमुख.”

“मग काय होईल?”

“काय होईल म्हणजे? लोक काय म्हणतील?”

दोघांनी वर पाहिलं. सज्जा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा होता. दारं बंद झाली होती. मेल्ट्सर उठला आणि, मी आहेच, असं परत एकदा सांगून जिन्याकडे गेला.

पाटी काही परत आली नाही. दिवस कलायला लागला तसा सिमोनला थंडी वाजायला लागली, आणि तो वर निघाला. आपल्या खोलीचं दार त्याला सताड उघडं दिसलं.

आत ताइलबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. त्या आळीतल्या सगळ्यांत वयस्क, गावच्या शाळेच्या जुन्या मास्तरीणबाई. डोळे जवळपास गेलेले, कान त्याहून गेलेले. सज्ज्याच्या वर्तुळात त्यांची खोली शेवटची. पाटी त्यांच्याकडे पोचली, आणि पुढचं दार सिमोनचं होतं. झाडाबिडाचं त्यांना कुणी ओरडून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ऐकू गेलं नव्हतं. त्या दार ठोठावून आत आल्या होत्या. पाटी आता रोझिनाच्या पांघरुणावर होती, तिच्या हाताखाली.

“दार गाळायचं नसतं,” ताइलबाई सिमोनच्या दिशेने म्हणाल्या. “तू नव्हतास म्हणून हिच्या हातात दिली. निरोपही सांगितला, दोराला माणसं हवीत. पण कोण गेलं ते एकालाही सांगता येत नाही. असला निरोप मी आयुष्यात ऐकला नाही. शिस्त म्हणून राहिली नाही आळीत.”

त्या काठी टेकत उठल्या. कबरीला कधी निघायचं ते वेळेवर कळवा, म्हणाल्या, आणि दाराची चौकट चाचपत निघून गेल्या.

सिमोनने दार लावलं. शेगडीत एक ओंडका टाकला, तो नीटच पडला होता तरी सळईने पुन्हा सरकवला. मागे रोझिनाचा श्वास ऐकू येत होता.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही.”

“म्हणजे जायचंय अजून.” तिचा आवाज साधा होता, उद्या काय रांधायचं हे विचारावं इतका साधा. “इकडे ये. बस. किती जण आले?”

तो पलंगाच्या कडेला बसला. “पाच,” म्हणाला.

“कोण कोण?”

“मेल्ट्सर.”

“बरं.”

“गुनेश.”

“गुनेशचं आतडं उतरलंय. बरं, असू दे. पुढे?”

सिमोनने तोंड उघडलं. आयुष्यभर आळीच्या कामाला नावं घ्यायची तर ती ज्या ओळीने यायची त्याच ओळीने पुढचं नाव जिभेवर आलं.

“ओरेंड,” तो म्हणाला.

म्हणाला आणि थांबला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि खाली बघत राहिला. रोझिना पाटीवरून अंगठा फिरवत होती.

“ओरेंडला म्हणावं, तुझी पेटी आदळली तशी माझी आदळू देऊ नकोस,” ती म्हणाली.

तिला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. सिमोनने तिला उठतं करून पाठ चोळली. तिच्या पाठीचा मणका न् मणका त्याच्या हाताला लागत होता. खोकला थांबल्यावर त्याला वाटलं ती पुन्हा आडवी होईल. ती झाली नाही.

“माझे बूट कुठे आहेत?”

“बूट कशाला?”

“खाली जायचंय.”

“खाली काय आहे?”

“थंड खोली आहे.”

फाटकाजवळच्या त्या खोलीला सगळे थंड खोलीच म्हणायचे. मेलेल्या माणसाला कबरीत जाईपर्यंत तिथे ठेवत. तिला खिडकी उत्तरेला होती आणि शेगडी नव्हती. चामडेवाल्याच्या पैशांतून सगळ्या खोल्यांना शेगड्या बसल्या तेव्हा ही एक मुद्दाम वगळलेली.

“ती खोली कशाची आहे ते—”

“मला माहीत आहे कशाची आहे ते. तुझ्या आईला मी तिथेच शेवटची आंघोळ घातली.” ती दमली, थांबली, पुन्हा बोलायला लागली. “तिथून कबरीपर्यंत सपाट वाट आहे. चाक नको, जिना नको, दोर नको. व्हिओरिकाच्या नवऱ्याने उचललं तरी मला चालेल. त्या काळ्या जाकिटांनी उचललं तरी चालेल. फक्त आडवी जाईन.”

सिमोन बोलत सुटला. तिथे हाडं गोठवणारी थंडी आहे, म्हणाला. डॉक्टरला विचारायला हवं. ऊन पडायला लागलं की बघू. वेर्नर ईस्टरला येतो म्हणालाय, त्याला काय वाटेल. आणि शेवटी म्हणाला की मी तुला शब्द दिला होता. आपण बायकोला उतरवायला सहा माणसं उभी करू शकलो नाही, ही गोष्ट त्याला आत्ता पहिल्यांदा पुरती खरी वाटली, आणि लाजेने त्याचे कान तापले.

रोझिनाने त्याला सगळं बोलू दिलं.

“कोट दे,” ती म्हणाली.

त्याने कोट आणला.

जिन्याच्या तोंडापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. व्हिओरिका धुतलेल्या चादरी घेऊन येत होती, ती दोघांना बघून जागच्या जागी थांबली. कुठे चाललात, हे तिने विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर तिने चादरी कठड्यावर टाकल्या, वेड लागलंय या म्हाताऱ्यांना, असं तिच्या भाषेत मोठ्याने म्हणाली आणि विजेची शेगडी शोधायला त्यांच्या पुढे पळाली.

जिन्याच्या तोंडाशी रोझिना खाली बसली. सिमोन तिच्यापुढे दोन पायऱ्या उलटा उतरला आणि तिचे पाय हातांत घेतले. मग ती बसल्या बसल्या एक पायरी सरकली, तो एक पायरी मागे गेला. लहान पोर पहिल्यांदा जिना उतरतं तसं त्यांचं चाललं होतं. तटाच्या पोटात ओल होती, चुन्याचा वास होता. दर पायरीला ती थांबायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघायचा. वळणावर आल्यावर ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले.

“परत जाऊ या का वर?” सिमोनने विचारलं.

“नीट धर ना,” ती म्हणाली. “नुसते पाय काय धरतोस.”

तो एक पायरी वर सरकला आणि त्याने तिला कवेत घेतलं. कोटाच्या आत ती फारच थोडी उरली होती.

“मेल्यावर तुला मला हात लावता यायचा नाही,” ती त्याच्या खांद्यात म्हणाली. “आळीचा नियम. आत्ता लावून घे.”

सिमोन रडला. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. ती वाट बघत बसली. त्याचं झाल्यावर तिने बाहीने त्याचं तोंड पुसलं आणि पुढची पायरी सरकली.

खाली व्हिओरिकाने विजेची शेगडी लावली होती, लोखंडी खाटेवर दोन गाद्या टाकल्या होत्या आणि उत्तरेच्या खिडकीला घोंगडी ठोकली होती. पेट्या ठेवायचं लाकडी घोडं तिने आपलं आपणच उचलून बाहेर नेऊन ठेवलं होतं. रोझिनाला दोघांनी उचलून खाटेवर नाही ठेवलं. ती स्वतःच बसली, पाय स्वतःच वर घेतले आणि कोटासकट आडवी झाली. खोलीत बोललं की तोंडातून वाफ निघत होती.

“व्हिओरिका,” ती जरा वेळाने म्हणाली, “दुसरी खाटही आणून टाक.”

“दुसरी कशाला?” सिमोन म्हणाला. “मी शेजारी खुर्ची घेऊन बसेन. झोपायला आपली खोली आहे की वर. मला काय धाड भरलीय, मी चांगला हिंडता-फिरता आहे.”

“आहेस ना,” रोझिना म्हणाली. “म्हणून तर आज उतरता आलं तुला. माझ्यामागे तुझा दोर कोण धरणार?”

व्हिओरिका वाकून शेगडीचं बटण उगाच फिरवत राहिली. सिमोनने एकदा बायकोकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या अंगणाकडे. तो भिंतीला धरून जिना चढून वर गेला आणि आपली गादी गुंडाळायला लागला.